उजेड येतो कुठून आणि दिवा जातो कशाने?

प्रश्न यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचा आहे. थोडक्यात असा: पत्र्याच्या घरात लावलेले 9 वॅटचे एलईडी बल्ब सहा-आठ महिन्यांत जातात. एलईडीला 'थंड उजेड' म्हणतात, मग त्याचं बूड हाताला चटका देण्याइतकं का तापतं? सूर्य, फुलबाजी, ट्यूब, काजवा यांचा उजेड एकाच जातीचा की वेगवेगळा? पिकाची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या सापळ्यात कोणता दिवा लावावा? आणि बटण बंद केल्यावरही एक बल्ब रात्रभर मिणमिणतो, तो का?

भाऊ, प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण धागा एकच आहे. कुठलाही उजेड दिसला की एवढंच विचारायचं: इथे आधी वस्तू तापली आणि मग उजेड पडला, की तापण्याची पायरी टाळून ऊर्जेचा थेट उजेड झाला? सूर्य, चूल, समई, पिवळा बल्ब हे तापून उजळणारे. ट्यूब, काजवा, एलईडी हे थेट उजळणारे. आकाशातली वीज दोन्हींच्या मध्ये बसते, तिच्याकडे नंतर येतो. दिवा कशाने खराब होणार, हेसुद्धा तो उजेड कसा तयार करतो यावरच ठरतं.

आधी तापणारे घेऊ. लोखंड साधारण 525 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की अंधारात मंद लाल दिसायला लागतं. लोहाराच्या भट्टीत तेच पातं पुढे नारिंगी, मग पिवळसर, शेवटी पांढरट होतं. रंग धातूवर नाही, तापमानावर ठरतो. लोखंड, विटेचा तुकडा, कोळसा एकाच तापमानाला जवळपास सारखेच दिसतात. तापलेल्या वस्तूतले विद्युतभारित कण सतत हिसके खात असतात आणि प्रत्येक हिसक्याला थोडी ऊर्जा लहरींच्या रूपात बाहेर पडते. कोणत्या तापमानाला कोणती लहर किती, याचा नेमका हिशेब माक्स प्लांकने 1900 साली मांडला. त्यातली मेख अशी की या लहरींचं मिश्रण रुंद असतं, आणि हजार-दोन हजार अंशांना त्यातला बहुतेक भाग डोळ्याला न दिसणारी उष्णता असतो. सूर्याचा पृष्ठभाग 5,500 अंशांच्या आसपास आहे, म्हणून त्याच्या लहरींचा भर नेमका डोळ्याला दिसणाऱ्या पट्ट्यात येतो. आपल्याकडे तेवढ्या तापमानाला टिकणारा पदार्थच नाही.

समईचा उजेड तेलाच्या ज्योतीचा असं आपण म्हणतो, पण चमकते ती काजळी. वातीतून तेल वर चढतं, टोकाशी त्याची वाफ होते, वाफेचे तुकडे पडून कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि हजार अंशांच्या वर तापून ते पिवळे उजळतात. पुढे हवा मिळाली की ते जळून जातात. खात्री करायची तर स्टीलचा चमचा क्षणभर पिवळ्या भागात धरा, काळा होईल. ज्योतीच्या बुडाशी जो निळसर पट्टा असतो त्यात काजळी नसते. तो निळा रंग जळणाऱ्या वायूच्या तुटक्या रेणूंचा, म्हणजे थेट उजेडच. खान्देशातल्या कानबाईच्या उत्सवात रात्री समई धूर करते तेव्हा दोष बहुतेक वेळा तेलाचा नसतो, वात फार पुढे ओढलेली असते. वाफ जास्त, हवा कमी, म्हणून कार्बन न जळताच निसटतो. वात मागे घ्या, टोकावरचा काजळीचा गोळा चिमट्याने काढा, धूर थांबतो.

गॅसबत्ती आता वरातीतून गेली, पण अभियांत्रिकी म्हणून ती पिवळ्या बल्बपेक्षा हुशार होती. ज्योत रॉकेलची, पण काजळी होऊच द्यायची नाही: रॉकेलची वाफ हवेत मिसळून निळी जाळायची आणि त्या ज्योतीत एक जाळी, म्हणजे मेंटल, तापवायची. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने 1891 मध्ये या जाळीचं मिश्रण पक्कं केलं: 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड. हे मिश्रण उष्णतेच्या लहरी फार कमी सोडतं, म्हणून ज्योतीची ऊर्जा उजेडाकडे वळते. कोणाच्या माळ्यावर बत्ती असेल तर तिचं दुखणं ठरलेलं असतं: आधी स्पिरिटने नळी पुरेशी तापवली नाही तर रॉकेल वाफ न होता द्रवच येतं, ज्योत पिवळी भडकते, मेंटल काळं पडतं. असं झालं तर हवा सोडून दाब काढा, नळी पुन्हा तापवा. एकदा जाळलेलं मेंटल म्हणजे नुसती राख असते, टिचकीनेही गळून पडतं. थोरियम किंचित किरणोत्सारी आहे, त्यामुळे नवं मेंटल पहिल्यांदा उघड्यावर जाळा, तुटलेल्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका आणि हात धुवा.

आता साठ वॅटचा पिवळा बल्ब. आत टंगस्टनची तार असते. ती वितळते 3,422 अंशांना, आणि बल्बमध्ये चालवली जाते साधारण 2,400 अंशांना. तेवढ्यावर वीज-वॅटमागे 12 लुमेनच्या (लुमेन हे उजेड मोजण्याचं माप) आसपास उजेड मिळतो, बाकी सगळी उष्णता. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रात जाळलेल्या कोळशातली जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा वीज होऊन निघते, आणि त्या विजेचाही विसावा भागच इथे उजेड होतो. गावाचं नाव दीपनगर असून कोळशाच्या पन्नास-साठ भागांतला एकच भाग दिव्याच्या कामी यायचा, असा तो व्यवहार होता.

तार मरते तीही तापण्यामुळेच. टंगस्टन हळूहळू उडत राहतो, काचेच्या आतल्या बाजूला काळपट थर बसतो आणि तारेचा एखादा भाग बारीक होतो. तो भाग बाकीच्यांपेक्षा जास्त तापतो, म्हणून आणखी लवकर उडतो. बटण दाबताच बल्ब 'फट्' करून जातो, त्याचंही गणित सोपं आहे. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 100 वॅटच्या बल्बचा तापलेला रोध 529 ओहम असतो, पण थंड तारेचा मीटरवर मोजलात तर 35-40 ओहमच दिसतो. म्हणजे पहिल्या क्षणी अर्ध्या अँपिअरऐवजी सहा-एक अँपिअर धावतात आणि बारीक झालेली जागा वितळते. व्होल्टेज 5 टक्के वाढलं तर आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि कमी झालं तर तसंच वाढतं. तुमच्या वाडीत संध्याकाळी 190 व्होल्ट येत असतील तर तो बल्ब वर्षानुवर्षं टिकला यात नवल नाही. तो मजबूत नव्हता, अर्धपोटी चालत होता.

फुलबाजीत दोन्ही जाती एकत्र दिसतात. उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे हवेत जळणारे लोखंडाचे आणि अॅल्युमिनियमचे कण, तापून उजळणारे. पण भुईचक्रातला हिरवा रंग बेरियमचा, लाल स्ट्रॉन्शियमचा, निळा तांब्याचा. इथे तापमान फक्त धक्का द्यायला असतं. धक्का खाल्लेला अणू किंवा रेणू खाली बसताना आपापल्या ठरलेल्या रंगाचाच उजेड सोडतो. चुलीत चिमूटभर मीठ टाकून बघा, ज्वाला लगेच गडद पिवळी होते. तो सोडियमचा रंग, त्याच्या लहरीची लांबी 589 नॅनोमीटर. महामार्गावर पूर्वी दिसायचे ते पिवळे सोडियम दिवे याच रंगावर चालायचे, फक्त मिठाऐवजी धातूची वाफ आणि चुलीऐवजी वीज. वॅटमागे शंभरावर लुमेन देत, पण त्या उजेडात लाल मिरची आणि तपकिरी पाकीट सारखंच दिसायचं. कमी दाबाच्या जातीत तर दुसरा रंगच नसतो. आणि वीज एक क्षण गेली की जास्त दाबाचा सोडियम दिवा गार होईपर्यंत पुन्हा पेटत नसे, कारण गरम असताना आतला दाब इतका असतो की ठिणगी पडत नाही.

पावसाळ्यातली वीज हाच खेळ मोठ्या प्रमाणावर करते. हवेतून प्रवाह वाहतो, ती वाट क्षणभर 30,000 अंशांच्या घरात तापते आणि नायट्रोजन-ऑक्सिजनचे मोडलेले अणू उजळतात. तापमानही प्रचंड आणि अणूंचे ठरलेले रंगही, म्हणून हिला मी मधली जात म्हटलं. ध्रुवाकडच्या आकाशातले रंगीत उजेडाचे पडदेही वायूचेच, पण तिथे धक्का देतात ते सूर्याकडून आलेले कण. मे 2024 मध्ये लडाखमधल्या हान्ले इथून तो लाल उजेड कॅमेऱ्यात आला होता, तो उंचावरच्या ऑक्सिजनचा.

ट्यूबमध्ये पाऱ्याची अगदी थोडी वाफ असते. दोन्ही टोकांच्या तारांतून इलेक्ट्रॉन निघतात, पाऱ्याच्या अणूला धडकतात आणि अणू 254 नॅनोमीटरचा अतिनील किरण सोडतो. तो डोळ्याला दिसत नाही. काचेच्या आतला पांढरा लेप तो गिळतो आणि दिसणारा उजेड परत देतो. जुन्या पद्धतीच्या पट्टीत स्टार्टर काय करतो, तेही सांगतो, कारण निम्मे दोष तिथेच असतात. बटण दाबल्यावर स्टार्टरमधला वायू उजळतो, त्याच्या उष्णतेने आतली दुहेरी धातूची पट्टी वाकून टेकते, टोकांच्या तारा तापतात. पट्टी गार होऊन सुटते त्या क्षणी चोक काहीशे व्होल्टचा झटका देतो आणि ट्यूब पेटते. पेटल्यावर 36 वॅटच्या ट्यूबवर फक्त शंभरेक व्होल्ट उरतात आणि प्रवाह आवरायचं काम चोक करतो. चोक नसता तर वायूतला प्रवाह वाढतच गेला असता. स्टार्टरचं काम मात्र पेटवण्यापुरतंच: पेटलेल्या ट्यूबचा स्टार्टर काढला तरी ती चालूच राहते.

दोन्ही टोकं फक्त लालसर तापून राहिली तर स्टार्टर चिकटला आहे, तो बदला. टोकं काळी पडून ट्यूब लुकलुकत असेल तर तारांवरचा इलेक्ट्रॉन सोडणारा लेप उडून गेला आहे, स्टार्टर बदलून फरक पडणार नाही. आणि ट्यूब चांगली असून संध्याकाळीच फडफडत असेल तर व्होल्टेज मोजा. 180 च्या खाली स्टार्टर नुसता टकटक करत बसतो. फुटलेली ट्यूब झाडूने झाडू नका, पारा उडतो. खिडक्या उघडा, दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा, जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, चिकटपट्टीने उरलेली भुकटी टिपा आणि सगळं बंद बरणीत ठेवा.

ट्यूबमधला लेप जे करतो ते तुमच्या बागेतही होतं. एका रंगाचा किरण गिळायचा आणि दुसऱ्या रंगाचा परत द्यायचा, याला प्रतिदीप्ती म्हणतात. पिकलेलं पिवळं केळं अंधारात 365 नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली धरा, निळसर चमकतं. हिरवं केळं तसं चमकत नाही. पिकताना हरितद्रव्य मोडून जे पदार्थ तयार होतात ते हा निळा उजेड देतात, हे 2008 मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या रसायनशास्त्रज्ञांनी कॅव्हेंडिश गटातल्या केळ्यांवर दाखवलं. आपली ग्रँड नैन त्याच गटातली. सालीवर तपकिरी ठिपके पडू लागले की प्रत्येक ठिपक्याभोवती जास्त उजळ निळं कडं दिसतं, कारण तिथल्या पेशी मरणाच्या वाटेवर असतात. बाजारातला स्वस्त जांभळा टॉर्च 395 चा असतो. त्याचाच जांभळा उजेड केळ्यावर पडून गोंधळ होतो, म्हणून 365 चा, काळ्या काचेचा घ्या आणि डोळ्यांवर मारू नका. हळदीची चिमूट स्पिरिटमध्ये घोळवून त्याच टॉर्चखाली धरली तर हिरवट पिवळी झळकते. धुतलेला पांढरा सदरा झळकतो तो साबणातल्या उजळवणाऱ्या रसायनामुळे.

अंधारात चमकणारे स्टिकर आणि दिशादर्शक पाट्या याच्याच चुलतभाऊ, पण त्या ऊर्जा अडकवून ठेवतात आणि तासन् तास थोडी थोडी सोडतात. नव्या पाट्यांत स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असतं.

काजवा वीजही वापरत नाही आणि तापतही नाही. त्याच्या पोटाच्या शेवटच्या भागात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफेरेज हे विकर, पेशीतलं इंधन म्हणजे एटीपी, मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन जमले की त्यातून एक उत्तेजित रेणू बनतो आणि तो पिवळट हिरवा उजेड सोडून शांत होतो. लुकलुक नियंत्रित होते ती तिथे पोचणाऱ्या ऑक्सिजनवरून. काजव्याचा उजेड शंभर टक्के कार्यक्षम, असं अजूनही छापून येतं. ते खरं नाही. जुना आकडा 90 टक्क्यांजवळ होता, 2008 च्या काटेकोर मोजणीत तो 41 टक्के निघाला. म्हणजे शंभर रेणूंची प्रक्रिया झाली तर 41 प्रकाशकण. तरीही रासायनिक उजेडात हा आकडा फार मोठा आहे. जत्रेत मिळणारी चमकती कांडीही रासायनिकच. वाकवली की आतली काचेची नळी फुटून हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळतं. गरम पाण्यात धरली तर ती जास्त चमकते आणि लवकर संपते, फ्रिजमध्ये ठेवली तर मंद पण जास्त वेळ चालते. एलईडी याच्या नेमका उलट वागतो, तो थंडीत जास्त उजळ असतो.

घर्षणाचाही उजेड असतो आणि तो घरी बघता येतो. खोली पूर्ण अंधारी करा, डोळ्यांना दहा-पंधरा मिनिटं सवय होऊ द्या, खडीसाखरेचा मोठा खडा पारदर्शक पिशवीत घालून पकडीने चिरडा. फुटण्याच्या क्षणी फिकट निळी झळक दिसते. स्फटिक चिरताना दोन्ही बाजूंवर विरुद्ध भार जमतो, मधल्या हवेत ठिणगी पडते आणि नायट्रोजन उजळतो. म्हणजे बोटभर आकाराची वीजच. पावसाळ्यात दमट झालेली साखर घेतली तर काहीच दिसणार नाही, ओलाव्याने भार वाहून जातो.

भारित कण वेगाने वळवले तरी उजेड निघतो. धुळ्याहून आग्रा रोडने इंदूरला जाल तिथे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-2 नावाचं वर्तुळ आहे, परीघ 172 मीटरच्या आसपास. 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन त्यात फिरतात आणि चुंबकाने वळताना क्ष-किरणांपर्यंतचा उजेड फेकतात. अणुभट्टीच्या पाण्यातली निळी झळाळी वेगळी: पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो, आणि त्या कमी झालेल्या वेगापेक्षा इलेक्ट्रॉन जास्त जोरात धावले की ती दिसते. लेझर पहिल्यांदा 1960 मध्ये चालला. त्यात एका प्रकाशकणाने दुसऱ्या अणूला टोचून हुबेहूब स्वतःसारखा कण काढायचा असतो, म्हणून किरण एकरंगी आणि सरळ. लग्नातल्या डीजेच्या हिरव्या लेझरबद्दल एवढंच: अशा अनेक दिव्यांत आधी 1,064 नॅनोमीटरचा अदृश्य किरण तयार करून त्याचा 532 चा हिरवा बनवतात. स्वस्त मालात अदृश्य किरण अडवणारी काच नसते, आणि कळायच्या आत डोळ्याच्या आतल्या पडद्यावर डाग पडतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर आलेला डाग जात नाही, तसाच हाही जात नाही.

आता तुमचा एलईडी. दोन प्रकारचे अर्धवाहक थर एकमेकांना चिकटवलेले असतात. विजेने ढकललेला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर पडतो आणि त्या उंचीएवढ्या ऊर्जेचा प्रकाशकण निघतो. पायरीची उंची ठरलेली, म्हणून रंगही ठरलेला. हिशेब असा: 1,240 ला नॅनोमीटरने भागा, इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. लाल 630 चा, म्हणजे जेमतेम 2. निळा 450 चा, म्हणजे 2.75. म्हणून लाल एलईडी 2 व्होल्टला पेटतो आणि निळ्याला 3 च्या आसपास लागतात. टीव्हीच्या रिमोटमधला 940 चा, त्याला सव्वा-दीड व्होल्ट पुरतात. दिसणारा लाल एलईडी निक होलोनयाक यांनी 1962 मध्ये केला. निळ्यासाठी मात्र तीसेक वर्षं गेली, आणि आकासाकी, आमानो, नाकामुरा यांना त्यासाठी 2014 चं नोबेल मिळालं. पांढरा एलईडी म्हणजे हाच निळा, वर पिवळा लेप. काही निळा तसाच येतो, काही लेपातून पिवळा होऊन येतो, डोळा दोन्ही मिळून पांढरा समजतो. सौर पॅनेल हाच खेळ उलटा खेळतं. लाल एलईडी उन्हात धरून मल्टिमीटर लावा, दीड व्होल्टच्या आसपास दिसतील.

'थंड' म्हणजे उजेड उष्णतेतून येत नाही एवढंच. विजेचा साधारण तिसरा हिस्सा उजेड होतो, बाकी चिपमध्येच उष्णता म्हणून राहतो. पिवळ्या बल्बची उष्णता काचेतून लहरींच्या रूपात निघून जायची, त्याला गार करण्याची गरजच नव्हती. एलईडीची उष्णता तशी निघत नाही. चिपखालची अॅल्युमिनियमची चकती, तिच्यामागचं आवरण, मग हवा, अशी ती वाहून जावी लागते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात बाहेरच 45 अंश असतात. पत्र्याच्या लगेच खाली हवा त्याहून तापलेली. तिथे वर तोंड करून, बंद काचेच्या ग्लोबमध्ये 9 वॅटचा बल्ब लावला की त्याला उष्णता टाकायला जागाच उरत नाही.

मरते मात्र चिप क्वचितच आधी. आत एक इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतो, 105 अंशांना काही हजार तास टिकेल असा. त्याचा नियम सरळ आहे: 10 अंश कमी ठेवलं तर आयुष्य दुप्पट, 10 अंश वाढलं तर निम्मं. 70 अंशांना चालणारा आणि 90 ला चालणारा यांत चौपट फरक पडतो. दुसरं म्हणजे चकतीवरचे एलईडी एका माळेत असतात, एक तुटला की सगळे बंद. बल्बची टोपी काढल्यावर ज्यावर काळा ठिपका दिसतो तोच मेलेला. आणि तिसरं, हल्ली स्वस्त बल्बमध्ये वेगळा ड्रायव्हर, म्हणजे मेनची वीज एलईडीला झेपेल अशी करून देणारं सर्किट, नसतो. सगळं एका चकतीवर, ज्याला दुरुस्तीवाले डीओबी (ड्रायव्हर ऑन बोर्ड) म्हणतात. चकती आणि ड्रायव्हर एकमेकांना तापवतात, आणि शेजारच्या पाणबुडीच्या मोटारीचा झटका सोसायला आत काही नसतं.

मेलेला एलईडी शॉर्ट करून बल्ब पुन्हा पेटवण्याचे व्हिडिओ खूप फिरतात. पेटतो खरा, पण वाचलेले एलईडी आता जास्त ताण घेतात आणि महिन्या-दोन महिन्यांत दुसरा जातो. डीओबीची चकती थेट मेनला जोडलेली असते, टोपी काढून पेटवलेल्या बल्बला बोट लागलं तर 230 व्होल्टचा झटका आहे. तपासायचंच असेल तर होल्डरमधून काढा, कपॅसिटरची दोन टोकं रोधाने जोडून रिकामा करा, मग मीटर डायोडवर ठेवून एकेक एलईडी बघा. एका पिवळ्या डब्यात दोन-तीन चिप असतील तर मीटरच्या 3 व्होल्टने तो पेटणार नाही. याचा अर्थ तो मेला असं नाही.

करायचं काय? बल्ब पत्र्यापासून फूटभर तरी खाली, उघड्या होल्डरला, तोंड खाली करून लावा. 9 चा एक लावण्यापेक्षा 5 चे दोन लावा. खोक्यावर सर्ज 4 केव्ही (म्हणजे 4,000 व्होल्टपर्यंतचा क्षणिक झटका सोसणारा) लिहिलेला आणि वेगळ्या ड्रायव्हरचा घ्या, हाताला थोडा जड लागतो. आणि एक दोष असा आहे की त्यापुढे कुठलाच बल्ब टिकत नाही: डीपीवरचा न्यूट्रल ढिला असणं. मग एका घराला 150 तर दुसऱ्याला 300-350 व्होल्ट जातात. घरातले काही दिवे अचानक भगभगीत झाले आणि त्याच वेळी शेजाऱ्याचे मंदावले, तर मेन स्विच तिथल्या तिथे पाडा आणि लाइनमनला बोलवा. बल्ब बदलत बसू नका, फ्रिजही जाईल.

स्वस्त एलईडीचा आणखी एक धोका जिनिंगमध्ये आणि कडबाकुट्टीजवळ आहे. आपली वीज सेकंदाला 50 फेऱ्यांची, म्हणून असा दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. पिवळ्या बल्बची तार मधल्या वेळेत गार होत नसे, म्हणून जाणवायचं नाही. मिनिटाला 1,440 फेऱ्यांच्या मोटारीवर चार आऱ्यांचं चाक असेल तर ते या उजेडात सेकंदाला एक फेरी, तीही उलटी, इतक्या संथ फिरताना दिसतं. माणूस हात घालतो. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा फिरत्या यंत्राजवळ नको.

रंगाबद्दल थोडं, कारण जळगावला सोनं घेताना हे कामी येतं. खोक्यावरचे 2,700 किंवा 6,500 के (केल्विन) म्हणजे तेवढ्या तापमानाला तापलेल्या वस्तूसारखा रंग, बल्ब तेवढा तापत नाही. 3,000 च्या उबदार दिव्याखाली सोनं असतं त्याहून पिवळं दिसतं, 6,500 खाली फिकट. रंग उन्हात येऊन बघावा. रंगाची अचूकता सांगणारा सीआरआय 80 असेल तर घराला चालतो, कापड आणि मिरची बघायला 90 लागतो, कारण लेपात गडद लाल कमी पडतो.

हुमणीच्या सापळ्याचं उत्तर आता सोपं आहे. कीटकांना अतिनील आणि निळा जास्त दिसतो. पांढऱ्या एलईडीत 450 चा निळा असतो पण 400 च्या खाली जवळपास काही नसतं, म्हणून कीटकांना तो पाऱ्याच्या दिव्यापेक्षा किंवा अतिनील ट्यूबपेक्षा कमी ओढतो. सापळ्यात या दोन्हींपैकी एक लावा. उलट ओट्यावर किडे नको असतील तर 2,700 चा लावा. वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडून कडुलिंब-बाभळीवर बसतात. सापळा झाडाजवळ, खाली पाण्याचं घमेलं, त्यात थोडं रॉकेल, आणि दिवा साधारण साडेसात ते नऊ. रात्रभर ठेवला तर उपयोगी कीटकही मरतात.

राहिला मिणमिणणारा बल्ब. त्याला पेटायला मिलीअँपिअरचा अंशही पुरतो, जो पिवळ्या बल्बला कळलाच नसता. आधी बटणावर लाल निऑनचा ठिपका आहे का बघा. निऑनचा प्रवाह बल्बमधूनच जातो. ठिपका काढला की बल्ब शांत. ठिपका नसेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असण्याची शक्यता मोठी. बोर्ड उघडून टेस्टरने बघा: बटणाला येणारी तार फेज हवी. ती नसेल तर तारा अदलाबदल करून घ्या, कारण अशा जोडणीत बटण बंद असूनही होल्डर जिवंत असतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. दोन्ही ठीक असून मिणमिणत असेल तर लांब पाइपमधून शेजारी शेजारी गेलेल्या तारांतून वीज झिरपते आहे, जिन्याच्या दुहेरी बटणात हे हमखास होतं. तिथे वायरमनकडून होल्डरला समांतर 0.1 मायक्रोफॅरडचा, 275 व्होल्टचा, एक्स-2 लिहिलेला कपॅसिटर बसवून घ्या. पंख्याचा जुना कपॅसिटर त्या जागी लावू देऊ नका, तो कितीतरी पट मोठा असतो.